कोपरातलं हेल्मेट

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही कर्वेनगरला राहतो. मोठा मुलगा सव्वाचार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. वाढदिवसाला सासऱ्यांनी नातवाला 12 इंची सायकल घेतली, मागे आधाराची दोन चाकं असलेली. हेल्मेट मी आणलं. पहिले दोन दिवस साहेब हेल्मेट घालून जेवायलाही बसले. तिसऱ्या दिवसापासून हेल्मेट दिसलं की भोकाड. लाडीगोडी करून झाली, चॉकलेट देऊन झालं, 'पोलीसमामा पकडतील' म्हणूनही झालं. चॉकलेट संपलं की हेल्मेट खाली. सोसायटीत पंधरा-वीस मुलं सायकली फिरवतात, एकाच्याही डोक्यावर काही नसतं. सासरे म्हणतात, 'मी तीस वर्षं सायकलवरून खडकीला कामाला गेलो, मला काय झालं? पडल्याशिवाय सायकल येत नाही.' नवरा म्हणतो, 'पार्किंगमध्येच तर चालवतो, कशाला मागे लागतेस!' (परवा तर गंमतच झाली. जिन्यापाशी गाठून मी 'हेल्मेट घे' म्हटलं, तर पठ्ठ्यानं घेतलं, बाबासारखं कोपरात अडकवलं आणि सायकल दामटली. आम्ही सगळे हसलो.) मी उगाच बाऊ करतेय का? आणि करत नसेन, तर हे पोर ऐकेल कसं?

— एक आई

नमस्कार.

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात घातलीत.

मुलगा हट्टी आहे असा तुमचा एकूण सूर आहे. मला तर तो वर्गातला पहिल्या बाकावरचा विद्यार्थी वाटला. हेल्मेट ही कोपरात अडकवायची वस्तू आहे, हे त्यानं रोज सकाळी डोळ्यांनी पाहिलंय आणि जसंच्या तसं करून दाखवलंय. या वयाची मुलं सांगितलेलं अर्धं ऐकतात आणि पाहिलेलं सगळं उचलतात. मी सव्वीस वर्षं बालवाडी चालवली. एखाद्या घरात फोनवर कसं बोलतात, भाजीवाल्याशी कशी घासाघीस होते, हे मला त्या घरची माणसं भेटायच्या आधी बाहुलीच्या खेळातून कळायचं.

आपल्या पुण्यात तर विचारायलाच नको. हेल्मेटसक्तीचा नुसता उच्चार झाला तरी इथे मोर्चे निघतात. 1 जानेवारी 2019 पासून पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हाचा गदारोळ तुम्हाला आठवत असेल. तेव्हापासून एक मधला मार्ग निघालाय: हेल्मेट बरोबर ठेवायचं, पण कोपरात, आरशावर, नाहीतर पायापाशी. पुढच्या चौकात पांढरा शर्ट दिसला की डोक्यावर, चौक मागे पडला की पुन्हा कोपरात. मोठ्यांच्या या कसरतीवरून लहान मूल एवढंच शिकतं की हेल्मेट पोलिसांसाठी असतं. त्यात तुम्ही 'पोलीसमामा पकडतील' म्हणालात. पार्किंगमध्ये पोलीसमामा येत नाहीत हे त्याला दोन दिवसांत कळलं असणार. एका अर्थानं त्याचा हिशेब अगदी चोख आहे.

तुम्ही लिहिलेलं नाही, तरी पैज लावते. सकाळी शाळेत सोडताना तो स्कूटरवर बाबाच्या पुढ्यात उभा असतो, हँडलला धरून, डोकं उघडं. आणि रविवारी चौघं निघालात की धाकटी तुम्हा दोघांच्या मध्ये किंवा तुमच्या कडेवर. चुकत असेन तर माफ करा. पण बरोबर असेन, तर त्याच्या जागी उभं राहून बघा: ताशी चाळीसनं जाणाऱ्या स्कूटरवर डोक्यावर काही नको, आणि पार्किंगमध्ये गोल गोल फिरायला मात्र हवं. कुठलाही शहाणा मुलगा याला हसेल.

कायद्याचंच बोलायचं तर सायकलीसाठी आपल्याकडे हेल्मेटची सक्ती नाही. स्कूटरसाठी मात्र मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर ते चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू होतं, मग तो चालवणारा असो की मागे-पुढे बसलेला. म्हणजे तुमचा सव्वाचार वर्षांचा मुलगा यात आलाच. धाकटीसाठीही नियम आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला स्कूटरवरून न्यायचं तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको. फेब्रुवारी 2023 पासून हे लागू आहे. त्या छोट्यांना सायकलचं हेल्मेटही चालतं असं नियमातच लिहिलंय, अर्थात ठरवून दिलेल्या मानकाचं. मोठ्याला मात्र स्कूटरवर आयएसआय खुणेचं, त्याच्या मापाचं स्कूटरचंच हेल्मेट लागेल.

तेव्हा माझा पहिला सल्ला तुमच्या यजमानांसाठी आहे. पंधरा दिवस स्कूटर सुरू करण्याआधी हेल्मेट डोक्यावर, पट्टा बंद, मुलाच्या देखत. कोपऱ्यावरून दूध आणायचं असलं तरी. आणि मुलालाही हेल्मेटशिवाय स्कूटरवर घ्यायचं नाही. यावर भाषण नको, मुलाकडे बघून 'बघ, मी कसा घालतो' असलं नाटकही नको. नुसतं घालायचं. सायकलचा विषय पंधरा दिवसांनी पुन्हा काढा, तेव्हा तुमचं निम्मं काम झालेलं असेल.

आता तुमचे सासरे. त्यांना गप्प करण्यासाठी मी काही लिहिणार नाही, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पडल्याशिवाय सायकल येत नाही, हे सोळा आणे खरं. गुडघे फुटतील, कोपरं सोलवटतील, हळद लागेल, खपली धरेल. हेल्मेट त्यातलं काहीच थांबवत नाही आणि थांबवायचंही नाही. पडायचं ठरलेलं आहे म्हणूनच डोकं झाकायचं.

लहान मुलाचं शरीर बघा. जन्मतः लांबीचा चौथा हिस्सा डोकं असतं. मोठ्या माणसात ते साडेसातावा-आठवा उरतं. चार वर्षांचं पोर या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतं: डोकं जड, मान कोवळी, आणि पडताना हात पुढे टाकायची चलाखी अजून अंगी मुरलेली नाही. तोल गेला की आधी डोकं जातं. 'एवढ्या हळू चालवतो' हा यजमानांचा मुद्दाही तपासू. 12 इंची सायकलवर बसलेल्या मुलाचं डोकं जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतं. सायकल जागच्या जागी कलंडली आणि डोकं तेवढ्या उंचीवरून खाली आलं, तर टेकताना त्याचा वेग ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या घरात जातो. तो वेग पायडलनं दिलेला नसतो, उंचीनं दिलेला असतो. सासऱ्यांच्या लहानपणी खाली मातीचं अंगण होतं. आता पेव्हर ब्लॉक आहेत, काँक्रीटच्या कडा आहेत, आणि बेसमेंटला उतरणारा तो रँप आहे, ज्याच्यावर सोसायटीतल्या प्रत्येक पोराचा डोळा असतो.

हेल्मेटच्या आत जो पांढरा थर असतो ना, तो टीव्हीच्या खोक्यात येतो तसल्याच थर्माकोलचा असतो, फक्त जास्त दाट. डोकं आपटलं की तो चेपतो. त्या चेपण्यात डोकं थांबायला काही क्षणांश जास्त मिळतात आणि मेंदूपर्यंतचा दणका कमी होतो. जादू नाही, बैलगाडीत गवत पसरून बसण्यामागचाच हा विचार. युरोपच्या मानकाची चाचणी अशी असते की धातूच्या नकली डोक्यावर हेल्मेट चढवून ते सुमारे दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर पाडतात. तुमच्या पार्किंगमधली पडझड बहुतेक त्या हिशेबात बसणारी आहे. पुढे रस्त्यावर मोटारीशी गाठ पडली तर हेल्मेटवर एवढा भरवसा टाकता येणार नाही, हेही खरं. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता 69 टक्क्यांनी कमी दिसली. डॉक्टरकीत एवढ्या स्वस्त वस्तूनं एवढा फरक पडताना फारसा दिसत नाही.

तेव्हा नाही, तुम्ही बाऊ करत नाही आहात.

आणि सासऱ्यांना एक विचारून बघा, हसत हसत. तुमच्या लेकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, डिसेंबरात कानटोपीशिवाय कधी बाहेर सोडलं होतं का? आपल्याकडे डोकं झाकायचं कुणाला वावडं नाही. बारशाआधीपासून कुंची असते. कानटोपी टोचते, घाम येतो, पोर किंचाळतं, ओढून काढतं. आजी शांतपणे परत बांधते. कुठल्याही आजीनं कानटोपीसाठी चॉकलेट दिल्याचं मी ऐकलेलं नाही. 'घालायची का?' असंही कुणी विचारत नाही. हेल्मेटच्या बाबतीत मात्र आपण मुलाची परवानगी मागत बसतो, कारण आपल्यालाच ते अजून मनापासून पटलेलं नसतं. मुलांना हा कच्चेपणा लांबून कळतो.

आता मुलाकडे येऊ. दोन दिवस जेवतानाही घातलं आणि तिसऱ्या दिवशी भोकाड, म्हणजे मधे काहीतरी घडलंय. माझा पहिला संशय बक्कलवर.

आमच्या बालवाडीत तीनचाकीच्या तासाला एक मुलगी अशीच बिनसली होती. 'आवडत नाही' यापलीकडे शब्द नाही. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि सावकाश बक्कल लावायला गेले, तर टक् आवाज व्हायच्या आधीच तिनं हनुवटी छातीत खुपसली आणि डोळे घट्ट मिटले. आमच्यापैकीच कुणीतरी घाईत लावताना गळ्याखालची कातडी त्या खाचेत चिमटली होती. तांदळाएवढी लाल खूण अजून होती. मग मी बक्कल आणि तिचा गळा यांच्यामध्ये माझं बोट ठेवायला लागले: चिमटा बसला तर माझ्या बोटाला. तिला ते फार आवडलं. रोज विचारायची, 'बाई, लागलं?' मी कळवळून दाखवायची. आठवड्यात तिनं स्वतः लावायला सुरुवात केली, आणि मग दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. तुम्हीही आज बोट ठेवून बघा.

बक्कल नसेल तर माप. डोक्याचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजा, भुवयांच्या थोडा वर, कानांच्या वरून. चार वर्षांच्या मुलाचा साधारण 50 सेंटीमीटरच्या आसपास येतो. हेल्मेटच्या आत 48 ते 52 असा काहीतरी आकडा असतो, त्यात तो बसायला हवा. 'वाढतं अंग आहे, मोठं घेऊ' हे शाळेच्या गणवेशाला ठीक. मोठं हेल्मेट पहिल्याच खड्ड्यात डोळ्यांवर येतं, पोराला पुढचं दिसत नाही, आणि मग ते भिरकावतं. त्यात त्याचं काय चुकलं? हेल्मेट आडवं बसावं, भुवई आणि कड यांच्यात तुमची दोन बोटं मावतील एवढंच अंतर. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट फोटोत छान दिसतं, पण डोकं बहुधा पुढूनच आपटतं. पट्टे कानाच्या खाली इंग्रजी व्हीसारखे जुळावेत, हनुवटीखाली एक बोट जावं. मग त्याला मोठ्ठी जांभई द्यायला सांगा. हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं तर बरोबर. जांभईची परीक्षा मुलांना आवडते, दिवसातून सहा वेळा घेतली तरी.

तुम्ही आणलेलं हेल्मेट एकदा उलटं करूनही बघा. सायकलबरोबर फुकट मिळणाऱ्या किंवा खेळण्याच्या दुकानातल्या काही हेल्मेटांत पातळ प्लास्टिक आणि स्पंजच्या चार पट्ट्या एवढंच असतं, थर्माकोलचा पत्ता नसतो. ते खेळणं आहे, त्याला टाटा करा. आत युरोपच्या मानकाचा 1078 किंवा 1080 असा आकडा, नाहीतर अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा शिक्का शोधा. स्कूटरचं आयएसआय हेल्मेट सायकलवर नको, एवढ्याशा मानेला ते जड होतं आणि उकडतं.

उकडणं हा खरा त्रास आहे, तो नाकारू नका. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी साडेपाचच्या आधी सायकल काढूच नका. आतल्या पट्ट्या निघतात, त्या आठवड्याला साध्या साबणानं धुवा. आपल्या मुलांच्या केसांत तेल असतं, ते मुरून आंबट वास येतो आणि नाजूक नाकाच्या पोराला तेवढं कारण पुरतं. धाकटी मोठी झाली की तिच्या बाबतीत उंच पोनी आणि दोन शेंड्यांचा प्रश्न येईलच. हेल्मेट त्यावर तरंगतं. सायकलच्या वेळी मानेपाशी सैल वेणी घालायची.

माप, बक्कल, घाम सगळं जमलं, की मग नियम. नियम एकच आणि छोटा: सायकल आणि हेल्मेट जोडीनं. हेल्मेट कपाटात ठेवू नका, सायकलच्या हँडलवर अडकवून ठेवा. हँडलवर चालेल, कोपरात नाही. त्यानं घातलं की सायकल मोकळी. नाही घातलं तर सायकल जिन्याखाली, आणि त्याला चेंडू, पळापळ, वाळूत खेळणं, काय हवं ते. आवाज चढवायचा नाही, भीती घालायची नाही, 'डोकं फुटेल मग कळेल' हे तर अजिबात नको. चार वर्षांच्या मुलाला फुटलेलं डोकं म्हणजे काय ते कळत नाही, आपला राग तेवढा कळतो. 'हेल्मेट घालतोस का?' असं विचारलंत की उत्तर 'नाही' ठरलेलं. 'आधी बूट की आधी हेल्मेट?' असं विचारा. दोन्ही उत्तरं तुमच्याच फायद्याची, आणि निवडल्याचं सुख त्याला.

चॉकलेट बंद. कारण तुम्हीच लिहिलंय: चॉकलेट संपलं की हेल्मेट खाली. त्याऐवजी हेल्मेट त्याचं होऊ द्या. स्टिकर लावू द्या, हवे तेवढे, वाकडेतिकडे. फक्त ऑइलपेंट किंवा स्प्रे नको, त्यातल्या रसायनानं आतला थर खराब होऊ शकतो. घरातल्या अस्वलाला घालू द्या, बक्कल त्याला लावू द्या.

पहिले तीन-चार दिवस रडेल. एक दिवस जमिनीवर लोळेल, आणि नेमकी तेव्हा वरच्या मजल्यावरून कुणीतरी काकू विचारेल, 'कशाला रडवताय पोराला?' त्या दिवशी ढिलं सोडलंत तर पुढचा महिना जाईल. यात खरी अडचण मुलाची नसते, घरात चार मोठी माणसं चार बाजूंनी बोलतात ही असते. म्हणून हे खातं एकाकडे द्या. मी तुमच्या जागी असते तर सासऱ्यांकडे दिलं असतं. सायकल त्यांनी घेतलीय, हवा ते भरतात, चेनला तेल ते घालतात असा माझा अंदाज. तीस वर्षं खडकी गाठलेल्या माणसाला 'हेल्मेटचे पट्टे तुम्हीच बघा, मला जमत नाहीत' असं सांगून तर बघा. ज्या कामात हात घातला त्याची टिंगल माणूस सहसा करत नाही.

सोसायटीतल्या बाकीच्या मुलांचं म्हणाल, तर चार वर्षांच्या वयात त्याचं फारसं दडपण नसतं. आठव्या-नवव्या वर्षी येतं, आणि तोवर सवय मुरलेली बरी. तरी दोघी-तिघी आयांशी बोला. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात 1987 मध्ये सायकल चालवणाऱ्या शाळकरी मुलांपैकी शंभरात पाच-सहाच हेल्मेट घालायची. डॉक्टरांनी पुढाकार घेऊन आईबापांना समजावलं, सवलतीची कुपनं देऊन हेल्मेट स्वस्त केलं, आणि 1992 पर्यंत तो आकडा चाळिसावर गेला. हे सगळं सक्तीविना झालं, म्हणून पुणेकरांनी ऐकायला हरकत नसावी. सोसायटीच्या गणपतीत सायकलची स्पर्धा ठेवणारच असाल तर हेल्मेटवाल्यांनाच प्रवेश ठेवा. वर्गणी मागायला याल तेव्हा दोन हेल्मेटांचे पैसे माझ्याकडून.

फक्त एकमेकांची हेल्मेटं घालू देऊ नका. माप चुकतं ते वेगळं, उवा येतात ते वेगळं. बालवाडीतल्या बाईंचं ऐका.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, कारण हिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. सायकलवरून उतरला की हेल्मेट काढायचं, मगच घसरगुंडी, जाळी, झाड. हेल्मेट अरुंद फटीत अडकून आणि अंग खाली लोंबकळून मुलं पट्ट्यानं गुदमरल्याच्या घटना युरोप-अमेरिकेत घडल्यात. त्यावरूनच युरोपात लहान मुलांसाठी 1080 हे वेगळं मानक निघालं. त्यातलं हिरवं बक्कल अंगाचा भार पडला की आपोआप सुटतं. बक्कल कुठलंही असो, उतरला की काढ, ही सवय पहिल्या दिवसापासून. जेवताना घालून बसायचं कौतुकही आता पुरे.

आणि जोराची आपटी खाल्लेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, वरून धड दिसलं तरी. आतला थर एकदा चेपला की संपला. ते धाकटीसाठी जपून ठेवू नका.

महिनाभरानं कळवा. यजमानांची काय प्रगती, ते आधी लिहा.

— तुमची ताई